धूर मोजायला गेले तेव्हा

"आमच्यात लाकूड जळत न्हाई," असं आमचे हे मला ठणकावून सांगत होते, तेव्हा मागच्या अंगणात बंब पेटलेला होता आणि त्याचा धूर खिडकीतून आत येत होता.

मी टॅब मांडीवर घेऊन बसले होते. हे समोरच्या खुर्चीत, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. फौजेतून येऊन बरीच वर्षं झाली तरी कुणी प्रश्न विचारायला लागलं की यांची पाठ आपोआप ताठ होते.

"मग बंब?" मी विचारलं.

"बंब म्हंजे काय लाकूड व्हय? चार काटक्या टाकतो, दोन करवंट्या. ते काय जळण हाय का?"

"रोज टाकता."

"रोज आंघूळ करतो म्हणून टाकतो. पुढचा प्रश्न."

पुढचा प्रश्न स्वयंपाकाला किती वेळ लागतो हा होता. यांनी क्षणभरही विचार न करता "अर्धा तास" असं सांगितलं. मी टॅब बंद करून हसत सुटले. यांना काय झालं ते कळेना. शेवटी तेही हसले आणि म्हणाले, "बरं, तूच लिही काय लिहायचं ते."

हा सगळा सराव होता. मुलं शिकायला बाहेर गेली, घर रिकामं झालं आणि मला एका सर्वेच्या कामाबद्दल कळलं. देशभरात घराघरांत जाऊन लोक कशावर रांधतात, पाणी कशावर तापवतात, दिवे किती, पंखे किती, लाईट किती वेळ असते, हे विचारायचं. दोन-तीन वर्षांनी पुन्हा त्याच घरात जाऊन तेच विचारायचं. असं केल्याशिवाय देशात काय बदलतंय आणि काय तसंच राहिलंय ते कळत नाही, असं आम्हाला पुण्यात शिकवलं. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून थोडीच मोठी होती आणि तीच आमची वरिष्ठ. तिनं सांगितलं होतं, पहिली मुलाखत आपल्या घरात घ्या. मला तेव्हा ते पोरकट वाटलं होतं. पण यांची मुलाखत झाल्यावर मी मनाशी एक ठरवलं, की कुठल्याही घरात गेले तरी चुलीचे प्रश्न चुलीपाशी बसूनच विचारायचे.

मला जत तालुका मिळाला तो माझ्या कानडीमुळे. यांची नोकरी काही वर्षं बेळगावला होती. तिथं शेजारणींकडून मी भाजी घ्यायपुरतं, भांडायपुरतं आणि पोरांना ओरडायपुरतं कानडी उचललं होतं. पुण्याच्या मुलीला तेवढं खूप वाटलं. मी मात्र साताऱ्याहून मिरजेला आणि तिथून जतला जाताना वाटभर कानडी शब्द घोकत होते. आमच्याकडं डोळे उघडले की डोंगर दिसतो. जतच्या बाजूला उघडं माळरान, वेड्या बाभळीची झुडपं, लांबवर फिरणाऱ्या पवनचक्क्या, आणि वारा असा की डोक्यावरचा पदर सांभाळता सांभाळता हात दुखावा.

ज्या घराबद्दल मी सांगणार आहे ते गावाबाहेरच्या एका वस्तीवर होतं. वडापच्या जीपनं फाट्यापर्यंत येऊन पुढं चालत जावं लागायचं. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणारं कुटुंब. आता थोडी ज्वारीही करत होते. घरात एक म्हातारी, तिचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी एक नात. मुलगा बहुतेक वेळ मेंढरांमागं असायचा. त्या दिवशी तो दारातच भेटला आणि मी बसायच्या आधीच उत्तरं द्यायला लागला.

"गॅस हाय आमच्यात. गॅसवरच सगळं."

मी त्याला म्हटलं, "दादा, मेंढरांचं तुम्ही सांगा. चुलीचं मी आत विचारते." तो हसला आणि निघून गेला.

आत एकच लांबोडी खोली. दगडी भिंती, वर पत्रा, उजेड फक्त दारातून येणारा. कोपऱ्यात चूल. चुलीवरच्या भिंतीला आणि पत्र्याला काजळीचा इतका जाड थर की बोट टेकवलं तर रुतेल. गॅसची शेगडी होती, पण तिच्यावर नक्षीकामाचं कापड घातलेलं आणि वर पितळी तांब्या ठेवलेला.

"बर्री, कूड्री," म्हातारी म्हणाली. या, बसा. तिचं अर्धं बोलणं कानडीत, अर्धं मराठीत. माझं बेळगावचं कानडी ऐकून ती खूश झाली आणि मला स्वतःजवळ बसवून घेतलं.

"अव्वा, गॅसवर काय काय करता?"

"च्या. पावणं आलं तर."

"आणि भाकरी?"

"गॅसवर काय भाकरी हुती व्हय? वरनं करपती, आतनं कच्ची. आन्‌ टाकी सपली म्हंजी? जतला कोण जाणार आणाय? हिथं भायेर बाभळी काय कमी हायत्या?"

"मग धूर होत असंल."

"न्हाई. धूर न्हाई आमच्यात." म्हातारीनं हात हलवून विषय मिटवला. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या आणि बोलताना मधेमधे ती खोकत होती. चुलीपाशी बसलेल्या सुनेनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि फुंकणी उचलून जाळ सारखा केला. मी 'धूर नाही' अशी नोंद केली. माणूस सांगेल तेच लिहायचं, असा नियमच होता.

पण काही निवडक घरांत नुसते प्रश्न नव्हते. तिथं धूर मोजायचं यंत्रही लावायचं होतं. पांढरंशुभ्र, जेवणाच्या डब्याएवढं खोकं. आत बारीक पंखा, वर हिरवा दिवा. रांधणारी बाई बसते तिथं, तिच्या नाकाच्या उंचीला ते टांगायचं आणि दुसऱ्या दिवशी येऊन काढायचं. मी सुनेला चुलीपाशी बसायला सांगून उंची पाहिली आणि खुंटीला खोकं अडकवलं. म्हातारी ते निरखून बघत राहिली.

"ह्ये लय म्हाग आसंल," ती म्हणाली.

"हो अव्वा, जपून ठेवा," मी म्हटलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी गेले तर खोकं जागच्या जागी, दिवा चालू, पांढरंही तसंच. ते काढून घेतलं, त्यातली माहिती पुण्याला पाठवली आणि पुढच्या गावाला गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुण्याच्या मुलीचा फोन आला. मी जतच्या लॉजवर कपडे वाळत घालत होते.

"ताई, त्या वस्तीवरच्या घरात चूल आहे ना?"

"आहे की."

"पेटते ना?"

"दोन वेळा."

"मग तिथली हवा माझ्या पुण्यातल्या फ्लॅटपेक्षा स्वच्छ कशी? पूर्ण दिवसाची सपाट रेघ आलीय. तुम्ही यंत्र नीट लावलं होतं ना?"

ती रागानं बोलत नव्हती, पण माझा चेहरा गरम झाला. इतकी माणसं भेटून, इतकं ऊन डोक्यावर घेऊन काम करायचं आणि वर कुणी असं विचारायचं. मी म्हटलं, "मी उद्या जाऊन बघते."

वस्तीवर पोचले तेव्हा टँकर येऊन गेला होता आणि सून घागरी आत नेत होती. मी तिला सरळच विचारलं, "खोकं कुणी हलवलं होतं का?" तिनं पदर तोंडाला लावला आणि तिला हसू आवरेना. घागर खाली ठेवून ती आतल्या अंगाला वळून म्हणाली, "आत्याबाई, आता सांगा तुमीच."

म्हातारी बाहेर आली. जराही ओशाळलेली नव्हती. उलट, आपण कसं शहाणपणानं वागलो हे सांगायच्या तयारीतच होती.

"आवं बाई, तुमी गेला आन्‌ म्या बघितलं. पांढरं खोकं. चुलीम्होरं टांगलंय. सांजच्यापातुर पार काळं पडलं आसतं त्ये. बारीक पंका हाय आत, त्यात काजळी गेली आस्ती तर बंद पडलं आसतं. मग तुमास्नी साहेब काय म्हणला आसता? म्या म्हणलं, परक्या बाईची वस्तू, तिची नोकरी जायला नगं. काडलं, माज्या इरकल लुगड्यात गुंडाळलं आन्‌ ट्रंकंत ठिवलं. सकाळी तुमी यायच्या आत परत टांगलं. दिवा चालू हुता का न्हाई?"

"चालू होता," मी म्हटलं.

"मग?"

मला हसू आलं. धूर मोजायचं यंत्र धुरापासून वाचवलं होतं तिनं, आणि तेही माझ्यासाठी. धूर नाही म्हणणाऱ्या त्याच म्हातारीनं.

मी तिला समजावून सांगायला लागले, की अव्वा, हे खोकं धूर खाण्यासाठीच केलेलं आहे, काळं झालं तर झालं. सून घागरीपाशी उभी होती. ती मधेच बोलली. आवाज चढवून नव्हे, नेहमीच्याच आवाजात बोलली.

"आत्याबाई, खोकं काळं पडंल म्हणून तुमी उचलून ट्रंकंत ठिवलं. मी रोज थितंच बसती की."

बाहेर वाऱ्यानं पत्रा वाजत होता. म्हातारीनं सुनेकडं पाहिलं, मग चुलीकडं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मेंढरांच्या वाड्याकडं चालती झाली.

सून घाबरली. "मी काय वाईट बोलले का वो, बाई? तोंडातनं गेलं." मी तिला काय सांगणार? मीच घाबरले होते. दुसऱ्याच्या घरात शिरून प्रश्न विचारायचे आणि निघून जायचं, एवढंच आमचं काम. मागं राहणाऱ्यांना एकाच चुलीवर जेवायचं असतं. मी तिच्याबरोबर दोन घागरी आत नेल्या. ती सांगत होती, की सासूनंही आयुष्यभर तिथंच बसून रांधलंय. या घरात आली तेव्हा तर चुलीच्या जागी नुसते तीन दगड होते. "तिला ठावं हाय समदं. पर बोलायचं कुणाला?"

बऱ्याच वेळानं म्हातारी परत आली. हातात एक कोकरू होतं, ते तिनं सुनेकडं दिलं. मग माझ्यापुढं हात केला.

"दे ते खोकं."

मी पिशवीतून काढून दिलं. तिनं स्वतः ते खुंटीला अडकवलं, सरळ आहे का बघितलं, आणि चुलीपुढच्या पाटावर बसली.

"आज भाकऱ्या म्या करती," ती म्हणाली. "बगू की काय दावतंय ते. काळं हुईल तर हू दे."

दुसऱ्या दिवशी मी ऊन चढायच्या आत पोचले. खोकं खरंच करडं झालं होतं. या वेळी मी माहिती नुसती पुण्याला पाठवली नाही. अंगणात सावलीला बसून टॅबवर उघडली. म्हातारी एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. मुलगाही मेंढरं सोडायची थांबवून मागं उभा राहिला. काळ्या पडद्यावर एक पिवळी रेघ होती. थोडी सपाट, मग एकदम डोंगरासारखी वर गेलेली, मग उतरून परत सपाट, आणि शेवटी पुन्हा एक डोंगर.

"ह्यो डोंगूर कसला?" म्हातारीनं बोट ठेवलं.

"काल संध्याकाळच्या भाकरीचा."

"आन्‌ ह्यो?"

"आज सकाळचा."

"मधी ह्ये सपाट कसं काय?"

"तेव्हा चूल विझली होती. त्याच जागी चांगली हवा कशी असते, ते हे."

तिनं रेघेवरून सावकाश बोट फिरवलं, डोंगरावर चढवलं, उतरवलं. मग मुलाला कानडीत काहीतरी म्हणाली. ती इतकं भरभर बोलली की मला फक्त 'होगे' म्हणजे धूर आणि 'गोडे' म्हणजे भिंत एवढंच समजलं. मुलगा भिंतीकडं बघून डोकं खाजवायला लागला. मी विचारलं, काय म्हणाल्या? तो म्हणाला, "मेंढरांचा वाडा चारी बाजूनं उघडा बांधलास, त्येन्ला वारं लागावं म्हणून. मला आन्‌ हिला भिताडात कोंडलंस. आसं म्हणतीया."

मी चहा घेऊन निघाले. चहा गॅसवर झाला, कारण मी पाहुणी होते.

साताऱ्याला आल्यावर मी ही गोष्ट यांना सांगितली. हे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला खिडकीतून दिसलं, की हे बंब पेटवून त्याच्यापासून चार पावलं लांब उभे आहेत आणि धूर कुणीकडं जातोय ते बघतायत. तो शेजारच्या काकूंच्या खिडकीत जात होता. दिवाळीच्या आत गच्चीवर सोलर बसला. यांनी तो स्वतः उभं राहून बसवून घेतला, पाइपाच्या प्रत्येक जोडाला हात लावून. पावसाळ्यात मात्र पाणी तापत नाही, तेव्हा बंब पेटतो. तो काढून टाकायला हे तयार नाहीत आणि मीही फार मागं लागले नाही. सर्वेच्या यादीत असल्या घरांना आम्ही 'दोन्ही वापरणारे' म्हणतो. निम्मा देश त्यातच असावा असं मला वाटतं.

दोन वर्षांनी पुढची फेरी आली. तोवर पुण्याच्या मुलीचं लग्न झालं होतं, टॅब बदलले होते आणि प्रश्न वाढले होते. वस्तीकडं जाताना रस्त्याच्या एका बाजूला कालव्याचं पाणी आलेलं दिसलं. जिथं मागच्या वेळी कुसळं होती तिथं हिरवं शेत होतं, आणि एका ठिकाणी तर चक्क ऊस. मला आनंद झाला आणि काळजीही वाटली, कारण पाणी आलं की ऊस येतो आणि ऊस आला की मेंढरांची वाट बंद होते, हे आमच्याकडं आम्ही पाहिलेलं आहे. पण टँकर कुठं दिसला नाही, हेही खरं.

घर मी आधी ओळखलंच नाही. मागची भिंत अर्धी उतरवली होती आणि तिच्या दगडांची बाहेर एक पडवी झाली होती. पश्चिमेला वारा अडवायला आडोसा, बाकी दोन बाजू मोकळ्या, वर पत्रा उंच घेतलेला. चूल आता तिथं होती. आतल्या खोलीत उजेड आला होता. भिंतीला चुना दिला होता, तरी जुन्या काजळीचा पिवळा डाग खालून वर आलाच होता. गॅसच्या शेगडीवरचं नक्षीकामाचं कापड गेलं होतं. तिच्यावर भाताचं पातेलं होतं.

सून आता जरा भरलेली दिसत होती. तिनं मला बसायला दिलं आणि विचारायच्या आधीच सांगायला लागली. "भात, आमटी, च्या, समदं गॅसवर. भाकरी तेवढी भायेर. टाकी आता फाट्यावर गाडी येती, आमी बाया मिळून आणतू. पावसात भायेर बसाय येत न्हाई, तवा आतबी चूल पेटती वो, खोटं कशाला सांगू?"

मी ते सगळं लिहून घेतलं. वस्तीवरच्या आणखी दोन घरांनी अशीच पडवी काढली होती. एका घरानं काढून परत आत चूल नेली होती, कारण म्हाताऱ्याला थंडीत शेकायला लागतं.

खोकं मी पडवीत टांगलं. दुसऱ्या दिवशी रेघ पाहिली. डोंगर होता, पण मागच्या मानानं टेकडी म्हणावी एवढाच. म्हातारीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. तिनं टॅब डोळ्याजवळ नेला आणि खूप वेळ बघितलं. खोकला होता, पण बोलताना आता मधे थांबावं लागत नव्हतं.

"बाकी देशात कसं हाय?" तिनं अचानक विचारलं.

कामाला लागल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारलेला नव्हता. आम्ही विचारायचो, लोक सांगायचे. मी मला माहीत होतं ते सांगितलं. गॅस बऱ्याच घरांत आला, पण चूल अजून गेलेली नाही. लाईट जवळजवळ सगळीकडं पोचली. पंखे वाढले, कारण ऊन वाढलंय. कूलर आणि एसी शहरांत वाढतायत. सोलर छपरांवर दिसायला लागलाय. धूर कमी होतोय, पण हळूहळू.

"आमच्यासारकंच म्हण की," ती म्हणाली.

मी तिला टॅबवरचा नकाशा दाखवला. पुण्याच्या मुलीनं तो आम्हा सगळ्यांना पाठवला होता. त्यात प्रत्येक जिल्ह्याला रंग होता. पहिल्या फेरीतला गडद, आताचा जरा फिका.

"ह्यात आमचं घर कंचं?"

"घर दाखवत नाहीत अव्वा. नाव लिहीत नाही आम्ही कुणाचं. नुसता आकडा. सगळ्यांचं मिळून जिल्ह्याचा रंग."

"म्हंजी आमचं नाव न्हाई कुटं?" तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं. भिंत पाडली होती बिचारीनं.

मग तिनंच थोडा विचार केला आणि सुनेकडं वळून म्हणाली, "बरं हाय की गं. नाव लिवलं आस्तं तर भावकीची नजर लागली आस्ती."

सून हसत हसत पडवीत गेली आणि परातीत पीठ घेऊन बसली. भाकरीचा थापा पडायला लागला तसं म्हातारीनं मला हाताला धरून उठवलं, जेवल्याबिगर जायाचं न्हाई, म्हणाली. मी वाऱ्याच्या बाजूला बसले. धूर निघत होता, आडोशाला वळसा घालून माळावर जात होता. पहिली भाकरी टम्म फुगली. तिच्यावर लोणी आणि बाजूला लाल चटणी वाढून सुनेनं माझ्यापुढं ताट केलं.

पुढचं घर ओढ्यापलीकडं होतं आणि मला उशीर झाला होता. तरी मी दुसरी भाकरी मागून घेतली.